पदवीवर सही कुणाची?

बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंटसाठी मी एका खासगी संस्थेत प्रवेश घेतला. माहितीपत्रकावर परदेशी विद्यापीठाचं नाव ठळक छापलेलं होतं. शेवटी हाती आलेल्या प्रमाणपत्रावर मात्र 'डिप्लोमा' असं लिहिलेलं होतं. "हा पदवीसमानच असतो," असं संस्था सांगत राहिली. फ्रंट ऑफिसला नोकरी लागली, म्हणून तेव्हा काही अडलं नाही. अडलं ते एमबीएच्या प्रवेशाला. तिथे समकक्षता प्रमाणपत्र मागितलं आणि ते मिळण्यासारखं नव्हतं. संस्थेने हात वर केले. मग नोकरी सांभाळून मी मुक्त विद्यापीठातून पहिल्यापासून पदवी केली.

आपल्याकडे पदवी कुणी द्यायची, हे यूजीसी कायदा, 1956 च्या कलम 22 ने ठरवलं आहे. कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था, एवढ्यांनाच तो हक्क आहे. इमारत, गणवेश आणि चकचकीत ट्रेनिंग किचन यांनी तो मिळत नाही.

खात्रीचे रस्ते आहेत. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या राष्ट्रीय हॉटेल मॅनेजमेंट परिषदेशी संलग्न आयएचएममध्ये (इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट) तीन वर्षांची बी.एस्सी. होते. त्यासाठी एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. 1954 साली सुरू झालेली मुंबईतली दादरची संस्था आणि गोव्यातली पर्वरीची संस्था यांतल्याच. दुसरा रस्ता बीएचएमसीटी या हॉटेल मॅनेजमेंटच्या चार वर्षांच्या पदवीचा. त्याची सीईटी राज्याचा सीईटी कक्ष घेतो. तिसरा, विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतली तीन वर्षांची बी.एस्सी. हॉस्पिटॅलिटी स्टडीज.

डिप्लोमा वाईट नसतो. किचनमध्येच राहायचं पक्कं असेल, तर सरकारी संस्थेतला दीड वर्षाचा क्राफ्ट कोर्सही उत्तम आणि खिशाला परवडणारा. पण पुढे एमबीए किंवा स्पर्धा परीक्षा यांचा विचार असेल, तर पदवीच लागते. पदवीची फी भरून डिप्लोमा घेऊ नका.

फी भरण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा. पदवी कोणतं विद्यापीठ देणार? त्या विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांच्या यादीत संस्थेचं नाव आहे का? आणि औद्योगिक प्रशिक्षण कोणत्या हॉटेलात, किती आठवड्यांचं? प्रॉडक्शन, सर्व्हिस, फ्रंट ऑफिस आणि हाउसकीपिंग या चारही विभागांतून फिरवतात का, हे शेवटच्या वर्षाच्या मुलांनाच विचारा. ब्रेक शिफ्ट, सणासुदीची ड्यूटी आणि स्टायपेंड यांबद्दलही तीच खरं सांगतील.

संस्थेने लेखी उत्तर द्यायला टाळाटाळ केली, तर तेच तिचं उत्तर समजा. आईवडिलांचे पैसे आणि तुमची तीन-चार वर्षं दुसरीकडे लावा.