प्रोफेसर म्हणजे कोण?

परवा रात्रीच्या वर्गात एका शेतकरी दादांनी आम्हांस विचारले, "गुरुजी, माझा पुतण्या शहरात कॉलेजात जातो. तिथल्या मास्तरांना तो प्रोफेसर म्हणतो. त्यांची डिपार्टमेंटं असतात म्हणतो. हे काय प्रकरण आहे?"

प्रश्न चांगला होता. आम्ही स्वतः मॅट्रिकपर्यंतच शिकलो. कॉलेजच्या बाकावर विद्यार्थी म्हणून कधी बसलो नाही. पण याविषयी जे वाचले आहे, ते सोपे करून सांगतो.

विभाग म्हणजे काय?

गावच्या शाळेत एकच गुरुजी बेरीज शिकवतात, कविता शिकवतात आणि नकाशाही दाखवतात. कॉलेजात प्रत्येक विषय फार खोलवर शिकायचा असतो. तिथे सगळे विषय एकाला पेलत नाहीत. म्हणून गणिताचे एक खाते, संस्कृतचे दुसरे, इतिहासाचे तिसरे. अशा खात्याला विभाग म्हणतात. तेच डिपार्टमेंट. तिथे शिकवणारा तो प्राध्यापक, म्हणजे प्रोफेसर. साऱ्या कॉलेजाचा मुख्य तो प्राचार्य, म्हणजे प्रिन्सिपॉल.

मोठ्या कॉलेजात एकेका विभागात अनेक प्राध्यापक असतात. पण शंभर वर्षांपूर्वीच्या लहान कॉलेजात असे नव्हते. खेड्यात एकाच दुकानात मीठ, कापड आणि काडेपेटी मिळते. पेठेत मात्र प्रत्येकाचे दुकान वेगळे. लहान कॉलेज म्हणजे ते खेड्यातले दुकान. एक माणूस हाच पुष्कळदा एक विभाग असे. तो माणूस उठून गेला की विभाग ओस पडे.

पुण्याचे एक कॉलेज

पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज २ जानेवारी १८८५ रोजी सुरू झाले. तेव्हा त्याला स्वतःची इमारत नव्हती. शहरातल्या गद्रे वाड्यात वर्ग भरत. डेक्कन एज्युकेशन सोसायटी या संस्थेने ते काढले. टिळक, आगरकर, आपटे ही त्या संस्थेची माणसे. संस्थेत जो आजीव सभासद होई, तो थोड्या पगारावर वीस वर्षे शिकवण्याचा शब्द देई.

गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव आपण ऐकले असेल. ते या कॉलेजात इंग्रजी शिकवीत, गणित शिकवीत, पुढे इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवीत. ज्या विषयाला माणूस नाही, तिथे गोखले उभे. सन १९०२ मध्ये ते कॉलेजातून निवृत्त झाले.

गणित आधी टिळक शिकवीत. ते १८९० साली संस्थेतून बाहेर पडले. मग त्या जागी, १८९१ साली, धोंडो केशव कर्वे आले. हे कोकणातल्या मुरूड गावचे. लहानपणी सहावीच्या परीक्षेसाठी ते मुरूडहून घाट चढून साताऱ्यास पायी गेले होते. चालण्यात काही दिवस गेले. तिथे परीक्षा घेणारे म्हणाले, "तू फार लहान दिसतोस. बसता येणार नाही." मुलगा तसाच परत आला. पण शिकणे त्याने सोडले नाही. तोच मुलगा पुढे १९१४ पर्यंत कॉलेजात गणित शिकवीत होता. दिवसा शिकवायचे आणि मग पायी हिंगण्यास जायचे, कारण तिथे विधवा बायांसाठी त्यांनी आश्रम काढला होता. पुढे १९५८ साली त्यांना भारतरत्न हा मान मिळाला.

एकाच सालचे दोघे

आता दोन माणसांची गोष्ट नीट ऐका. दोघांचा जन्म १८७६ सालचा. दोघेही खेड्यातले.

पहिले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. गाव मुर्डी, दापोलीजवळ. यांना शाळा मिळाली, कॉलेज मिळाले. पुढे ते विलायतेस केंब्रिजला गेले. १८९९ साली तिथल्या गणिताच्या परीक्षेत त्यांचा पहिला नंबर आला. हा मान मिळवणारे ते पहिले हिंदी मनुष्य. मोठ्या पगाराची नोकरी त्यांना सहज मिळाली असती. पण ते पुण्यास परत आले आणि महिना ७५ रुपयांवर फर्ग्युसनमध्ये राहिले. १९०२ पासून तेच प्रिन्सिपॉल झाले.

दुसरे धर्मानंद कोसंबी. गाव गोव्यातले सांखवाळ. शाळा थोडीच झाली. तरुणपण घरच्या नारळीच्या भाटात गेले. पण मराठी वाचता येत होते, बरे का! एका मराठी मासिकात त्यांनी भगवान बुद्धाचे चरित्र वाचले. मन तिथेच बसले. या बुद्धाविषयी मुळापासून शिकायचे, असे त्यांनी ठरवले.

१८९९ साली, परांजपे विलायतेत पहिले आले त्याच वर्षी, कोसंबींनी घर सोडले. तेव्हा वय तेवीस. मागे बायको आणि तान्ही मुलगी. त्या माउलीने किती सोसले असेल, तेही आपण विसरू नये. कोसंबी पुण्यास संस्कृत शिकले. मग काशीला गेले. तिथे अन्नछत्रात जेवून अभ्यास केला. पुढे नेपाळ, मग समुद्रापलीकडे सिंहलद्वीप, म्हणजे आजची श्रीलंका. तिथे ते पाली भाषा शिकले. बुद्धाचा उपदेश या भाषेत लिहून ठेवलेला आहे. तिथून ते ब्रह्मदेशातही गेले.

परत आल्यावर कलकत्त्यास शिकवण्याचे काम मिळाले. पण आपली विद्या मराठी लोकांना द्यावी, असे त्यांना वाटे. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी त्यांना महिना ५० रुपये दिले. अट एवढीच, की मराठी मुलखात राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहून द्यावे. १९१० साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना एका पाली ग्रंथाच्या कामासाठी बोलावले.

१९१२ साली ते परतले आणि फर्ग्युसन कॉलेजात पालीचे प्राध्यापक झाले. परांजप्यांजवळ केंब्रिजचा मोठा मान होता. कोसंबींजवळ एकही पदवी नव्हती. तरी दोघे एकाच कॉलेजात शिकवू लागले.

कोसंबी तिथे १९१८ पर्यंत होते. मग ते गेले. विभाग ओस पडला का? नाही. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट हे त्यांचे विद्यार्थी. त्यांनी पुढे त्याच कॉलेजात पाली शिकवली. गुरू गेला, पण विद्या मागे राहिली.

आपण काय घ्यावे?

विभाग म्हणजे नुसती खोली आणि पाटी नव्हे. जाणणारा एक आणि शिकणारा एक, असे दोघे भेटले की विभाग उभा राहतो. इमारत मागून येते.

आमच्या वर्गात कुणी म्हणतो, "आता या वयात शिकून काय उपयोग?" त्याला आम्ही कोसंबींची गोष्ट सांगतो. सगळ्यांनी प्रोफेसर व्हावे असे नाही. घर सोडून जायचेही कारण नाही. वर्ग आता आपल्या दारी आला आहे. पण त्यांच्या मोठ्या वाटेची सुरुवात मराठीतले एक मासिक वाचण्याने झाली, हे ध्यानात ठेवा. तेवढे वाचणे आता तुम्हालाही येते.

आणि आपण शिकलात, की शेजारच्या एकाला शिकवा. मग तुमच्या ओटीवरही एक विभाग सुरू झाला म्हणायचा!

शब्दांचे अर्थ
आजीव सभासद – संस्थेला आपली वर्षे वाहून देणारा माणूस
भाट – नारळीची बाग
अन्नछत्र – जिथे फुकट जेवण मिळते ती जागा
पदवी – कॉलेजची परीक्षा पास झाल्यावर मिळणारी पात्रता

प्रश्न
१. लहान कॉलेजात एक माणूस हाच विभाग कसा असे?
२. सयाजीराव महाराजांनी कोसंबींना कोणती अट घातली?
३. कोसंबी गेल्यावर पालीचे शिक्षण कसे चालू राहिले?
४. तुम्हाला येणारी कोणती गोष्ट तुम्ही दुसऱ्याला शिकवाल? दोन ओळी लिहा.