वर्तणुकीचा दाखला

शाळा सोडताना विद्यार्थ्यास एक दाखला मिळतो. त्यात नाव, जन्मतारीख व इयत्ता यांच्याबरोबर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो. तेथे बहुधा 'चांगली' एवढाच शब्द लिहिलेला असतो. वर्गातील खोड्या, मधल्या सुट्टीतील भांडणे, रागाच्या भरात उच्चारलेले शब्द यांचा तेथे उल्लेख नसतो. बालपणीच्या चुका शाळेतच राहतात व मूल पुढे जाते.

आज मात्र असाच आणखी एक दाखला तयार होत असतो. तो मुख्याध्यापक लिहीत नाहीत. ज्याचा तो असतो, तोच तो लिहितो आणि पुष्कळदा त्याला त्याची जाणीवही नसते.

सोलापूर हे गिरण्यांचे व मागांचे शहर. येथे 1877 साली कापडगिरणी सुरू झाली. पूर्वी गिरणीत काम मिळे ते जॉबराच्या शब्दावर. मुलगा कोणाच्या घरचा, कष्टाळू की कामचुकार, हे जॉबर ओळखीच्या माणसांकडून जाणून घेई. आता येथील अनेक तरुण शिक्षण संपवून नोकरीसाठी पुण्यास किंवा हैदराबादेस जातात. तेथे त्यांना ओळखणारे सहसा कोणी नसते. अशा वेळी अर्ज वाचणारा अधिकारी कित्येकदा उमेदवाराचे नाव संगणकावर शोधतो. फेसबुक, इन्स्टाग्राम किंवा लिंक्डइन यांवर त्याने काय लिहिले, कोणती छायाचित्रे ठेवली, कोणाची थट्टा केली, हे क्षणात पडद्यावर दिसते. जॉबराची जागा जणू या पडद्याने घेतली आहे.

हा पडदा उपकारकही ठरतो. एखाद्या तरुणाने चादरीसाठी काढलेली नक्षी तेथे ठेवली, तर दूरचा कारखानदार ती पाहू शकतो. त्यासाठी वशिला लागत नाही.

परंतु हाच पडदा घातही करतो. 2017 साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने किमान दहा विद्यार्थ्यांना दिलेला प्रवेश मागे घेतला. फेसबुकवरील एका गटात त्यांनी इतरांची हीन थट्टा केली होती. गट खाजगी होता. तरी शब्द बाहेर गेलेच. 2019 पासून अमेरिकेच्या व्हिसासाठी अर्ज करणाऱ्या बहुतेकांना मागील पाच वर्षांत वापरलेल्या अशा खात्यांची माहिती द्यावी लागते.

यात अन्यायही संभवतो. जॉबरास निदान तोंडावर कारण विचारता येई. पडद्यावरून पारख झाली, तर उमेदवारास बहुधा काहीच कळत नाही. नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचा दोष त्याच्या माथी येऊ शकतो. त्याची जात, धर्म वा मत पाहून कोणी मनात अढी धरू शकतो. म्हणून पाहणाऱ्यानेही न्यायबुद्धी सोडता कामा नये. बाराव्या वर्षीच्या अविचारावरून बाविसाव्या वर्षीच्या माणसाची पारख करणे योग्य नव्हे.

भारतीय संसदेने 2023 साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात आपली माहिती दुरुस्त करून घेण्याच्या व पुसून घेण्याच्या हक्काची तरतूद आहे. तथापि दुसऱ्याने उतरवून ठेवलेली प्रत प्रत्येक वेळी पुसता येतेच, असे नाही.

सोलापुरी चादरीवरील नक्षी छापलेली नसते. ती विणीतच असते. मागावर असतानाच चूक दिसली, तर विणकर ती सुधारू शकतो. चादर घडी होऊन बाजारात गेल्यावर चुकीचा धागा ओढला, तर नक्षीच बिघडते. शब्दांचेही तसेच आहे. ते पाठविण्यापूर्वी क्षणभर थांबणे, एवढे मात्र प्रत्येकाच्या हाती असते.

शब्दार्थ : जॉबर – गिरणीत कामगार नेमणारा मुकादम. नामसाधर्म्य – नावांतील सारखेपणा. अढी – मनातील आकस.

स्वाध्याय
1. शाळेचा दाखला व पडद्यावरील 'दाखला' यांत कोणता फरक आहे?
2. पडद्यावरून केलेली पारख अन्यायकारक केव्हा ठरते?
3. चादरीच्या दृष्टान्ताचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहा.