शाळेची शिस्त

मंडळी, आपल्या भागातली पुष्कळ मुले तालुक्याच्या ख्रिस्ती शाळेत शिकतात. कोणी तिला मिशनची शाळा म्हणतात, कोणी कॉन्व्हेंट म्हणतात. या शाळा आपल्याकडे नव्या नाहीत. जोतीराव फुले पुण्याला स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. १८४७ साली त्यांचे तिथले शिक्षण पुरे झाले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८४८ साली, त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली.

या शाळांची शिस्त कडक, असे लोक म्हणतात. शिस्त म्हणजे काय? पुष्कळांना वाटते, शिस्त म्हणजे छडी. आपण आज हेच नीट समजून घेऊ.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक शेतकरी येतात. त्यांचा मुलगा मिशनच्या शाळेत, तिथल्याच वसतिगृहात राहून शिकतो. गावच्या जत्रेला मुलगा दोन दिवसांची रजा घेऊन घरी आला. बापाने त्याला आणखी चार दिवस ठेवून घेतले. परत पाठवताना सांगितले, "विचारलं तर सांग, ताप आला होता."

मुलाने तसे सांगितले. पण दोन दिवसांत खरी गोष्ट बाहेर पडली. शाळेने बापाला चिठ्ठी पाठवली, 'येऊन भेटा.'

चिठ्ठी घेऊन ते आमच्याकडे आले. फार रागावले होते. म्हणाले, "गुरुजी, चार दिवसांसाठी एवढा बोभाटा! मी पोराला काढूनच आणतो."

आम्ही म्हटले, "दादा, आधी शाळेच्या नियमांचा कागद आणा."

कागद आला. खाली त्यांचा अंगठा होता. जूनमध्ये त्यांना वाचता येत नव्हते. कोणी वाचूनही दाखवला नव्हता. आता आम्ही दोघांनी मिळून एकेक ओळ वाचली.

मुलाने वेळेवर यावे. गणवेश स्वच्छ असावा. नखे कापलेली असावीत. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी शांत उभे राहावे. परीक्षेत नक्कल करू नये. शिवी देऊ नये. रजा हवी तर आधी पालकांचा अर्ज द्यावा. खोटे बोलू नये.

शेवटच्या ओळीवर दादा थांबले. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "गुरुजी, खोटं तर मीच शिकवलं."

दुसऱ्या दिवशी ते शाळेत गेले. फादरांनी मुलाला मारले नव्हते. त्यांनी मुलाला आपली चूक स्वतःच्या तोंडाने सांगायला लावली होती. बुडालेले धडे त्याने लिहून काढायचे आणि आठवडाभर संध्याकाळी झाडांना पाणी घालायचे, एवढीच शिक्षा. आठवडा संपला की त्या गोष्टीचा पुन्हा उच्चार करायचा नाही.

दादांनी खिशातून एक कागद काढून दिला. तो त्यांनी स्वतः लिहिला होता. जन्मातले पहिले पत्र! त्यात एवढेच होते : 'मुलाला ताप नव्हता. जत्रेसाठी मी त्याला ठेवून घेतले. चूक माझी आहे.' खाली सही होती, अंगठा नव्हता. मुलगा शाळेतच राहिला.

ख्रिस्ती धर्माची शिकवण अशी : चूक कबूल करावी, तिची भरपाई करावी, आणि चुकलेल्याला क्षमा करावी. चांगल्या ख्रिस्ती शाळेतली शिस्त या तीन गोष्टींवर उभी असते. बायबलात देवाला मेंढपाळ म्हटले आहे. आपल्याकडचा धनगर पाहा. त्याच्या हातात काठी असते. ती लांडग्याला हाकलायला आणि वाट चुकलेल्या मेंढराला वळवायला. मेंढरू झोडपायला नव्हे.

पण सगळीकडे असेच चालते असे नाही. म्हणून कायदाही ठाऊक असावा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला बंदी केली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाही. ख्रिस्ती संस्थांच्या शाळा त्यांतच येतात. मग तिथे मारायची मोकळीक मिळाली काय? नाही. २०१५ चा बाल न्याय कायदा आहे. मूल ज्याच्या ताब्यात आहे, त्यानेच त्याला मारहाण करून विनाकारण यातना दिल्या, तर त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घरच्या माणसालाही हा कायदा लागू आहे, हे विसरू नका!

आणखी एक शंका लोक विचारतात, "आमच्या पोराला त्यांच्या धर्माची प्रार्थना म्हणावी लागेल काय?" आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या कलमात याचे उत्तर आहे. शाळा सरकारमान्य असो की सरकारी पैसा घेणारी असो, मुलाला धर्माच्या शिक्षणाला किंवा पूजाप्रार्थनेला बसवायचे तर पालकांची संमती लागते. संमती नसेल तर तसे शाळेला लिहून द्यावे. पण इतर मुले प्रार्थना करत असताना आपल्या मुलाने गडबड करू नये. दुसऱ्याच्या देवळात आपण चपला काढतो, तसेच हे.

तेव्हा मंडळी, शाळेचा कागद आला की आधी वाचा. समजले नाही ते विचारा. मगच सही करा. आणि जे मुलाने करू नये असे वाटते, ते आपणही करू नये. मूल शाळेत पाच-सहा तास असते. वसतिगृहातले मूलही सुट्टीला घरीच येते. शिस्तीचा पहिला धडा घरातच होतो.

प्रश्न
१. दादांचा राग कशामुळे गेला?
२. फादरांनी मुलाला कोणती शिक्षा दिली? ती तुम्हांला योग्य वाटते काय?
३. आपल्या मुलासाठी दोन दिवसांच्या रजेचा अर्ज लिहा. कारण खरे लिहा.