रेषा आणि विभंग

भूकंप झाला की ‘जमिनीला भेग पडली’ असे आपण सहज म्हणतो. परंतु भेग आणि विभंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खडकाला तडा गेला, पण तड्याच्या दोन्ही बाजूंचे थर जागच्या जागी राहिले, तर ती नुसती भेग. एक बाजू दुसरीच्या मानाने वर, खाली किंवा आडवी सरकली, तरच तो विभंग. शालेय भूगोलात यालाच प्रस्तरभंग म्हटलेले आढळते. खडकांच्या अशा मोडतोडीचा अभ्यास करणारी शाखा म्हणजे संरचनात्मक भूशास्त्र. तिचा अभ्यासक कसा घडतो, हे आपल्या भागातील एका प्रश्नाच्या आधारे पाहू.

जेऊरहून रेल्वेने सोलापूरकडे निघाले की केमनंतर कुर्डुवाडी लागते. १९७३ साली कृष्णब्रह्मम् आणि नेगी या शास्त्रज्ञांनी गुरुत्वाकर्षणाच्या मोजणीवरून असे मांडले की, दख्खनच्या काळ्या पाषाणाखाली दोन खचदऱ्या गाडलेल्या असाव्यात. एक कोयनेची, दुसरी कुर्डुवाडीची. पुढे उपग्रहावरून घेतलेल्या चित्रांतही कुर्डुवाडी भागातून वायव्येकडून आग्नेयेकडे जाणारी रेषा अभ्यासकांनी दाखविली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि सुमारे १०,००० माणसे मृत्युमुखी पडली. तेव्हा ही रेषा पुन्हा चर्चेत आली. पण चित्रात दिसणारी रेषा म्हणजे विभंगच, असे म्हणता येईल काय?

हे ठरविण्याची पात्रता एका दिवसात येत नाही. विद्यार्थी बी.एस्सी.ला खनिजे व खडक ओळखण्यास शिकतो. एम.एस्सी.ला हातोडी, नकाशा आणि थरांचा कल मोजणारे होकायंत्र घेऊन तो ओढे व घाट पायी तुडवितो आणि प्रबंधिका लिहितो. त्यानंतर नेट किंवा गेटसारखी परीक्षा देऊन पीएच.डी.कडे वळता येते. सोलापूर विद्यापीठात, पुणे विद्यापीठात आणि मुंबईच्या आय.आय.टी.त या विषयाची सोय आहे. पीएच.डी.ला मात्र एकच प्रश्न हाती धरून वर्षानुवर्षे त्याच टापूत हिंडावे लागते.

आपल्याकडे हे काम विशेष अवघड आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले. ते दिसायला बरेचसे सारखे असल्यामुळे कोणता थर कोठे सरकला हे चटकन उमगत नाही. लाव्हा निवतानाही भेगा पडतात आणि अशा भेगेला धरून ओढा सरळ वाहू शकतो. म्हणजे विभंग नसतानाही रेषा दिसते. म्हणून अभ्यासक पुरावे शोधतो: खडक भरडला गेला आहे काय, घासल्याचे ओरखडे आहेत काय, दोन थरांमधील लाल मातीचा पट्टा एकदम वरखाली झाला आहे काय?

किल्लारीला भूकंपानंतर ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यात आले. ३३८ मीटर बेसाल्ट, त्याखाली अवघा ८ मीटर गाळाचा थर आणि मग थेट प्राचीन पट्टिताश्म लागला. खचदरी असती तर तेथे गाळाचा जाड थर अपेक्षित होता. एका छिद्राने संपूर्ण रेषेचा निकाल लागत नाही, हे खरे. पण निदान किल्लारीखाली तसा साठा नाही, एवढे कळले. कोयना भागातही ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचे मूळ शोधण्यासाठी असेच प्रयत्न झाले. गोठणे येथील ३ किलोमीटर खोलीचे छिद्र २०१७ साली पूर्ण झाले. कराडला त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा आहे.

या सर्वांशी कला शाखेचा काय संबंध, असे कोणी विचारील. तेर येथे नदीकाठच्या थरांतील विकृतीवरून सी. पी. राजेंद्रन यांनी प्राचीन भूकंपाचा पुरावा मांडला. अशा ठिकाणी वस्तीचा काळ ठरविण्यास इतिहास लागतो आणि नदीने बदललेली वाट वाचण्यास भूगोल लागतो. मात्र भूशास्त्राची मुख्य वाट विज्ञान शाखेतून जाते आणि ती दहावीनंतरच निवडावी लागते. ज्यांच्या घरात पूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नाही, त्यांना त्या वयात हे सांगणारे कोणी भेटत नाही. आपल्या धाकट्या भावंडांना आपण ते अवश्य सांगावे.

आणखी एक गोष्ट आपल्या हाती आहे. आपल्या तालुक्यात ठिकठिकाणी विंधनविहिरी घेतल्या जातात. मुरूम किती फुटांवर संपला, लाल माती कोठे लागली, पाणी कोठे लागले, हे गाडीवाल्याला विचारून वहीत टिपून ठेवावे. शेजारशेजारच्या दोन विहिरींत लाल मातीच्या खोलीत मोठा फरक आढळला, तर तो विभंगच असेल असे नाही. पण उद्या कोणी संशोधक या रेषेवर काम करण्यास आला, तर कोठे पाहावे हे त्याला आपल्या वहीवरून कळेल.