एकेक गुण

स्पेनमधील एल् पाल्मार गांवीं ५ मे २००३ रोजीं जन्मलेला कार्लोस अल्काराझ २०२२ सालीं, वयाच्या १९ व्या वर्षीं, अमेरिकन स्पर्धा जिंकून जगांतील प्रथम क्रमांकाचा सर्वांत तरुण पुरुष टेनिसपटू ठरला. परंतु आम्हांस ८ जून २०२५ चा पॅरिस येथील अंतिम सामना अधिक बोधप्रद वाटतो. यानिक सिन्नरनें पहिले दोन सेट जिंकले होते. चौथ्यांत त्यास विजयासाठीं एकच गुण हवा होता. अशी वेळ लागोपाठ तीनदां आली. अल्काराझनें तिन्ही गुण वांचविले व ५ तास २९ मिनिटांनीं सामना जिंकला. तीन गुण एकदम वांचवितां येत नाहींत. एकेकच वांचवावा लागतो. आणि सिन्नर? पांच आठवड्यांनीं विंबल्डनच्या अंतिम सामन्यांत त्यानें अल्काराझलाच हरविलें. विद्यार्थ्यांनीं दोघांपासूनही शिकावें.