लग्नचौक आणि बंद मूठ

वसतिगृहाच्या भोजनगृहाची भिंत रंगविण्याचे काम एका वर्षी आम्ही विद्यार्थ्यांवर सोपविले. गेरूवर पांढऱ्या रेषा उमटल्या; तारप्याभोवतीचा नाच रंगला. मध्यभागी लग्नचौक काढावा, असे आम्ही सुचविले. तेव्हा जव्हारकडील एक वारली विद्यार्थिनी हळूच म्हणाली, “सर, चौक असा कुठंही काढत नाहीत.”

इतिहासाचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या आम्हांस हे ठाऊक असावयास हवे होते. लग्नघरच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात त्या सवाष्णी. चौकात पालघट ही सुफलतेची देवी असते आणि लग्न लावते ती गाणी म्हणणारी धवलेरी. येथे ब्राह्मण पुरोहिताचे काम नाही, हे आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे. १९७०च्या दशकात जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रशैली कागदावर आणून जगापुढे नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची थोरवी निर्विवाद आहे. परंतु पिढ्यान्‌पिढ्या चौक काढणाऱ्या किती स्त्रियांची नावे आपण सांगू शकू?

आफ्रिकेतील मलावी देशात चोंगोनी येथे शैलचित्रांची १२७ ठिकाणे आहेत. २००६ साली त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. तेथील तांबडी चित्रे बात्वा या शिकारी लोकांची, तर पांढरी चेवा शेतकऱ्यांची. पांढऱ्यांपैकी पुष्कळशी स्त्रियांनी काढलेली असून मुली वयात येतानाच्या चिनाम्वाली संस्काराशी निगडित आहेत. काही चित्रे न्याउ या मुखवटाधारी गुप्त मंडळाची. एकोणिसाव्या शतकात न्गोनी आक्रमक आले, मागोमाग मिशनरी व गोरे राज्यकर्ते आले. या दडपणाखाली न्याउ अधिकच गुप्त झाले.

तथागतांनी आचार्याची बंद मूठ नाकारली. शूद्रांच्या कानी वेद पडू न देणाऱ्यांची मूठही बंदच होती, म्हणून गुप्त ज्ञान म्हटले की आमचे मन साशंक होते. तरीही सत्ता राखण्यासाठी झाकलेले आणि सत्तेपासून वाचविण्यासाठी झाकलेले ज्ञान एकाच मापाने मोजणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. अर्थात न्याउची दीक्षा मुख्यतः पुरुषांची. दडपलेल्यांच्या गुप्ततेतही कोणी तरी बाहेर राहतोच, हेही नाकारता येत नाही.

आम्ही आग्रह सोडला. चौकाच्या जागी त्या मुलीने भातलावणी काढली.