आपणच आपल्याला परके

दिल्लीच्या रिंग रोडवर स्कूटरवरून पडून डोक्याला मार बसावा, जखम भरावी, तरी काही महिन्यांनी आरशातील चेहरा परका वाटावा, मुलाची हाक काचेपलीकडून आल्यासारखी भासावी, प्रार्थनेतील शब्द जणू दुसराच कोणी उच्चारतो आहे असे वाटावे. ही आपली अवस्था असेल, तर तिला नाव आहे. फ्रान्समधील लुडोविक द्युगा यांनी १८९८ मध्ये ते वैद्यकात आणले. आपण तिला 'स्व-परकेपणा' म्हणू.

हे वेड नव्हे. भ्रमात खोटेच खरे वाटते. येथे 'जणू' हे भान शाबूत असते. आणि विश्वास आटल्याचीही ही खूण नव्हे. मंडळीतील सज्जन तसे सुचवतात, तेव्हा आधीच घाबरलेला रुग्ण गप्प होतो, आणि डॉक्टरांनाही सांगत नाही!

सांगितलेच पाहिजे. ही अवस्था क्षणभर, पुनःपुन्हा अगदी त्याच रीतीने किंवा विचित्र वासासह येत असेल, तर अपस्माराची तपासणी आवश्यक ठरते. शाहदऱ्याच्या इहबास संस्थेत मेंदू व मन या दोहोंचे विभाग एकाच आवारात आहेत. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांकही आहे.

झोप सांभाळा, मद्य व गांजा टाळा. आरशात वारंवार पाहून स्वतःची परीक्षा घेऊ नका. त्याने परकेपणा वाढतो. त्यापेक्षा थंड पाण्याचा पेला हाती धरा, तळपाय जमिनीवर टेका. प्रार्थना कोरडी वाटली तर एकच वाक्य मोठ्याने म्हणा. उरलेली घरच्यांना करू द्या.